पगार नाकारणारी पलटण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी यादवी युद्धावरच्या लेखात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या, कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळ पलटणीची हकिकत १८ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या ताब्यातील फोर्ट वॅगनर या किल्ल्यावर झालेल्या हल्ल्यापाशीच थांबली आहे. त्या संध्याकाळी सुमारे ६०० जणांपैकी २७२ जण मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती लागले आणि पलटणीचे गोरे प्रमुख कर्नल रॉबर्ट गुल्ड शॉ तटावर धारातीर्थी पडले, हे खरेच. परंतु ही पलटण त्यानंतरही दोन वर्षे सेवेत होती आणि तिची अधिक कठीण कसोटी, माझ्या मते, पगाराच्या वेळी लागली.

या कृष्णवर्णीय स्वयंसेवकांना भरतीच्या वेळी गोऱ्या शिपायांइतकाच, म्हणजे दरमहा १३ डॉलर पगार कबूल केला होता. प्रत्यक्षात केंद्र सरकारने १० डॉलर देऊ केले आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांपोटी कापण्याचे ठरवले. गोऱ्यांना कपड्यांचा भत्ता पगाराशिवाय मिळे. शिपायांनी ते पैसे घेतलेच नाहीत. फरकाची रक्कम राज्याच्या तिजोरीतून देण्याची मॅसॅच्युसेट्सने दाखवलेली तयारीही त्यांनी नाकारली, कारण तसे केल्याने केंद्राने केलेला भेद कायमच राहिला असता. घरी बायकामुलांचे हाल होत असताना त्यांनी सुमारे दीड वर्ष बिनपगारी काढले. याच काळात, फेब्रुवारी १८६४ मध्ये, फ्लोरिडातील ऑलस्टीच्या पराभवानंतर माघारीची पिछाडी या पलटणीने सांभाळली आणि जखमींना नेणाऱ्या आगगाडीचे इंजिन नादुरुस्त झाले, तेव्हा दोर बांधून ती गाडी काही मैल हातांनी ओढली. त्या वर्षीच्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, समान वेतनाचा कायदा केला आणि सप्टेंबरअखेर थकबाकी हाती पडली. त्यासाठीही, युद्धाच्या प्रारंभी, म्हणजे १९ एप्रिल १८६१ रोजी, आपण गुलाम नव्हतो, अशा अर्थाची शपथ प्रत्येकाला घ्यावी लागली!

गिरण्यांच्या आपल्या सोलापुरात संप आणि थकलेला पगार यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून येथील वाचकांसाठी छापलेल्या लेखातून नेमका हाच भाग गळावा, याचे नवल वाटते.

लेखासोबत शॉ आणि या पलटणीच्या बोस्टन येथील १८९७ च्या स्मारकाचे छायाचित्र आहे. त्यावर प्रारंभी केवळ मृत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे होती. वॅगनर येथे मेलेल्या शिपायांची नावे तेथे कोरली जाण्यास १९८० चे दशक उजाडले. छायाचित्राखालच्या ओळीत एवढे तरी सहज मावले असते. पुढील पुरवणीत ही पूर्तता करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सोलापूर