बाळंतपणाची तयारी : गावातील पुरुषांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

गरोदर बाईसोबत तपासणीला बहुधा सासू नाहीतर आई येते. नवरा आलाच तर बाहेर गाडीवर बसून राहतो. पण रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या, अंगावरून जास्त जायला लागलं, की सगळं घर त्याच्याच तोंडाकडे बघतं. पैसे त्याच्याकडे, गाडीची किल्ली त्याच्याकडे, न्यायचं की नाही हेही तोच ठरवणार. तो परगावी असला तर फोन लागेपर्यंत बाई तशीच पडून.

मातामृत्यूंमागचे तीन उशीर थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडले : दवाखान्यात जायचं ठरवायला, तिथवर पोहोचायला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. तिसरा आपल्या हातात नाही. पहिले दोन बऱ्याच अंशी आहेत, आणि बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव धडधाकट बाईचाही काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून समिती मदत मागत आहे.

ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी रात्रीच्या पाळीसाठी नाव द्यावं. आपल्या पाळीच्या रात्री फोन चालू आणि टाकीत इंधन, एवढंच. इंधनासाठी आणि हाताशी रोख नसलेल्या घरांसाठी निधी उभारतो आहोत. जमेल ती रक्कम द्या, पावती मिळेल. हिशेबाची वही गावातल्या दोन महिलांकडे राहील.

रक्तदात्यांची यादी त्याहून निकडीची. एकदा शिबिर घेऊन भागत नाही, कारण रक्तपेढीत तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात. निरोगी पुरुष साधारण तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकतो. तेव्हा रक्तगट तपासून नाव नोंदवा. अविवाहितांनीही नोंदवावं, रक्त द्यायला लग्न झालेलं असावं लागत नाही.

नवऱ्यांकडे आणखी एक मागणं आहे, त्याला पैसा लागत नाही. तुम्ही घरी नसताना त्रास झाला तर तिने तुमच्या होकारासाठी थांबायचं नाही, हे आजच घरात सगळ्यांसमोर सांगून टाका. आईवडिलांसमोर तर नक्कीच. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं : यातलं काहीही दिसलं की निघायचं. सकाळची वाट बघायची नाही.

तपासणीलाही जा, पण तिला विचारून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली ती याच अटीवर, की बाईची निवड आणि तिचा निर्णय जपला जावा. डॉक्टरांनी तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिलाच देऊ द्या. सोबत गेलेले काही जण तिथेही स्वतःच बोलत सुटतात, असा आरोग्यसेविकांचा अनुभव आहे.

गाडी, रक्तगट आणि निधीची नोंद समितीच्या पुढच्या बैठकीत होईल. परगावी असणाऱ्यांनी घरच्यांमार्फत नाव कळवलं तरी चालेल.

आपले,
समितीचे सर्व सदस्य