लोणारचं सरोवर वरून बघून कळत नाही, आधी ती गोल पायवाट नीट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोणारच्या विकासाच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात. आराखडा, निधी, सुशोभीकरण. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचतो आणि दर वेळी तेच वाटतं, की उल्का आदळून झालेल्या विवरात, म्हणजे त्या मोठ्या खड्ड्यात, खाली सरोवराभोवती जी पायवाट आहे तिच्याबद्दल कोणीच का बोलत नाही? मी बुलढाणा जिल्ह्यातलाच, हिवाळ्यात मित्रांबरोबर तिथे चालायला जातो. म्हणून हे पत्र, थोडं लांबलं तरी कृपया छापा.

होतं काय की बहुतेक लोक शेगाव किंवा सिंदखेडराजाच्या ट्रिपमध्ये लोणार उरकतात. गाडी कडेपर्यंत आणायची, दोन सेल्फी, "अरे वा, किती मोठा खड्डा", आणि चला पुढे. वरून फक्त एक हिरवट पाण्याचं गोल तळं दिसतं. कड ते कड जवळपास 1.8 किलोमीटर, आणि कडेवरून पाणी एवढं खाली की काठावरचं माणूस दिसतसुद्धा नाही. तिथे खरं काय काय आहे ते पायी उतरल्याशिवाय कळतच नाही, आणि उतरलं की पाण्याभोवती पूर्ण चक्कर मारल्याशिवाय समाधान होत नाही.

आम्ही धारेकडून उतरतो. धार म्हणजे गोमुखातून बारा महिने पडणारं गोडं पाणी, तिथे लोक आंघोळी करतात, बाया नवस फेडायला येतात. दगडी पायऱ्या आहेत, बऱ्याच ठिकाणी निखळलेल्या. उतरताना आजूबाजूचं जंगल बदलत जातं आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं. उतारावर साग आणि सीताफळ, सगळं कोरडं, पायाखाली पाला कुरकुरतो. खाली आलं की चिंचांची गार सावली, मग बाभळीचा पट्टा, मग झाडं संपतात आणि उघडा चिखल, त्यावर खाराची पांढरी पापुद्री, आणि मग पाणी. एकात एक ठेवलेल्या बांगड्यांसारखे हे पट्टे आहेत, प्रत्येक सरोवराला वळसा घालून जातो. एका ठिकाणी उभं राहून ते दिसत नाहीत, चालताना तीच चिंच, तीच बाभूळ परत परत भेटायला लागली की मग लक्षात येतं.

पाणी खारट, त्यातही सोडा, सामू म्हणजे pH साधारण 10 च्या आसपास. वारा तुमच्याकडे असला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, काही लोक नाक दाबून तिथूनच परत फिरतात, वाईट वाटतं. कारण जरा पुढे गेलं की त्याच काठावर शेकाट्या लाल पायांवर चिखलात फिरताना दिसतात, टिबुकल्या बुड्या मारतात, थंडीत चक्रवाक जोडीने येतात. झाडीत मोर, वानरं, कधी घोरपड. आणि एवढ्या खारट पाण्याच्या शेजारी कमळजादेवीच्या देवळाजवळ ती सासू-सुनेची विहीर, एका बाजूला गोडं पाणी, एका बाजूला खारं, असं गावातले सांगतात. देवळं तर वाटेवर ठिकठिकाणी आहेत, काळ्या दगडाची, काही झाडांच्या मुळांनी पार उकललेली. नवरात्रात कमळजादेवीला यात्रा भरते तेव्हा म्हाताऱ्या बायासुद्धा हाच चढ-उतार करतात. मागे एक मावशी वर चढताना झाडाखाली टेकल्या होत्या, मला म्हणाल्या, "देवीनं बोलावलं तं येतोच बापा, पण या पायऱ्या कोणी नीट करीन तं बरं होईन." माझी मागणी एवढीच आहे, त्यांनी एका वाक्यात सांगितली.

आता कोणी म्हणेल पायवाटेत काय एवढं. एवढं यासाठी की हे विवर चारही बाजूंनी बंद आहे, सरोवरातून बाहेर वाहून जायला एकही ओढा नाही. आत जे गेलं ते आतच राहतं, मग ते कपडे धुतलेल्या साबणाचं पाणी असो, गावाचं सांडपाणी असो, नाहीतर प्लास्टिकची बाटली. वाट ठरलेली नसली की लोक वाटेल तिथून घुसतात, चिखल तुडवतात, पक्षी उडवतात, खारावर नावं कोरतात, दगड खिशात घालतात. हे दगड साधे नाहीत हो. उल्का आदळली तेव्हा वितळलेला, काच झालेला, चुरा होऊन परत घट्ट झालेला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड आहे तो. बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली आणि एवढी शाबूत राहिलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी, म्हणून मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात. वयाबद्दल आधी 52 हजार वर्षं सांगायचे, नंतरच्या तपासणीत 5 लाख 70 हजारच्या आसपास निघालं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश बघत होता, पाणी आटून खार वाढला आणि खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव वाढले म्हणून तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. म्हणजे बघा, पाणी जरा कमी-जास्त झालं तरी इथलं सगळं गणित हलतं.

अभयारण्य 2000 सालीच झालं, 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नावही आलं, खूप आनंद झाला तेव्हा. पण त्यानंतर सुशोभीकरण म्हटलं की मला धास्ती वाटते, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ पेव्हर ब्लॉक, रंगीत रेलिंग आणि दिवे असाच होतो. कृपा करून खाली सिमेंट नेऊ नका. निखळलेले दगड आहेत तेच परत बसवा, चढावर जुन्या पद्धतीच्या रुंद पायऱ्या, मुरमाची वाट, वळणावर मराठीत छोट्या पाट्या की तुम्ही आता कुठल्या पट्ट्यात आहात आणि पूर्ण चक्कर किती उरली. वेडी बाभूळ, ती बाहेरून आलेली आणि फोफावणारी, वाटेवर येते तेवढी दरवर्षी काढा, पण गावठी बाभळीला हात लावू नका. थंडीत पक्षी असतात तो काठ बंद ठेवून वाट तिथे चिंचांतून वळवली तर चालणाऱ्याचं काही बिघडत नाही. ज्यांना उतरणं जमत नाही, गुडघ्याचे पेशंट, लहान लेकरं, त्यांच्यासाठी वरच्या कडेने सुद्धा साडेपाच-सहा किलोमीटरचा गोल होतो, तिथे झाडाखाली बसायला चार ओटे करा, आणि गाड्या त्या कडेपासून लांब थांबवा.

गावातली पोरं गाइडचं काम करतात, त्यांना झाड न झाड माहीत आहे. त्यांना ट्रेनिंग आणि ठरलेला मेहनताना मिळाला, एका वेळी किती माणसं खाली सोडायची हे ठरलं, तर कचऱ्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल असं मला मनापासून वाटतं.

आराखडा करणाऱ्या साहेबांना आपल्या पेपरमार्फत एकच विनंती. कागदावर रेघ ओढण्याआधी या गाइड पोरांना, धारेवरच्या पुजाऱ्यांना आणि यात्रेला येणाऱ्या दोन-चार मावश्यांना सोबत घ्या आणि पूर्ण गोल एकदा पायी चाला. तेही पावसाळा संपल्यावर लगेच, कारण वाट कुठे वाहून गेली, कुठे पाण्याखाली गेली आणि कुठली पायरी आता पाय ठेवण्यासारखी राहिली नाही, हे तेव्हाच दिसतं.

आपला,
एक वाचक, चिखली, जि. बुलढाणा