कमरेला दिसणारे पिस्तूल परवान्यात बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडीची किंवा कोयत्याच्या हल्ल्याची बातमी आली की एक मागणी हमखास डोके वर काढते: अमेरिकेसारखे आपल्याकडेही सामान्य माणसाला कमरेला पिस्तूल लावून उघड फिरू द्या, गुंड आपोआप वचकतील. ही मागणी करणारे स्वसंरक्षणाचा हक्क आणि शस्त्रपरवाना यांची गल्लत करतात. हक्क प्रत्येकाला आहे, मग हातात काठी असो, वरवंटा असो की काहीच नसो. परवाना मात्र अर्ज करून, कारण पटवून मिळवावा लागतो, आणि तो काढूनही घेता येतो.

आधी हक्काचे पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही कलमे आता ३४ ते ४४ झाली आहेत. मजकूर जवळजवळ तोच आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा ठरत नाही, असे सात प्रसंग कलम ३८ मध्ये दिले आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण हे त्यातले काही. अ‍ॅसिड हल्ल्याची भर जुन्या दंड संहितेतच २०१३ मध्ये पडली होती. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि जिवावर बेतेल अशी चोरी किंवा घुसखोरी, एवढ्यापुरतीच ही मुभा जीव घेण्यापर्यंत जाते. भरदिवसा शेतातून मोटार किंवा केबल नेणाऱ्या नुसत्या भुरट्या चोराला अडवता येते, धरता येते, त्यासाठी बळही वापरता येते. त्याचा जीव घेता येत नाही.

खटले फसतात ते बहुधा दोन ठिकाणी. एक, चोर पाठ फिरवून पळत असताना केलेला वार किंवा झाडलेली गोळी. धोका टळला की शरीररक्षणाचा हक्कही तिथेच संपतो, आणि मग प्रकरण सदोष मनुष्यवधावर, कधी खुनावरही जाते. दोन, पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा वेळ होता तरी माणूस हत्यार आणायला घरात गेला आणि परत आला. कलम ३७ तिथे आडवे येते. गरजेपेक्षा जास्त इजा करू नये हेही त्याच कलमात आहे. पण जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक फटका सोनाराच्या काट्यावर तोलावा, अशी अपेक्षा न्यायालये करत नाहीत. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते सविस्तर सांगितले आहे. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. तसे घडले असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दाखवले तरी पुरते.

म्हणून प्रसंग घडलाच तर ताबडतोब ११२ ला फोन करावा. हत्यार, पुंगळ्या, रक्ताचे डाग जिथल्या तिथे राहू द्यावेत. आपल्या अंगावरचे ओरखडेसुद्धा त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नोंदवून घ्यावेत. आरोपीच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही की बचावाला मोठे बळ मिळते. 'मी तिथे नव्हतोच' असा पहिला जबाब देऊन वर्षभराने स्वसंरक्षणाचा मुद्दा काढणाऱ्याला मात्र तो पटवून देणे फार जड जाते.

आता परवान्याचे. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे. न्यूयॉर्क राज्याची 'खास कारण दाखवा' ही अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा परवाना नेमका त्याच अटीवर उभा आहे. आणि अमेरिकेतही सगळीकडे सारखे नाही: टेक्सासने परवानाधारकांना उघड हँडगनची (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरची) मुभा २०१६ पासून दिली, तर भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला कॅलिफोर्नियाने १९६७ मध्येच बंदी घातली होती.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे जातो. त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण, घरी हत्यार सुरक्षित ठेवण्याची सोय आणि पोलिसांचा अहवाल लागतो. एवढे करून मिळालेले हँडगनही सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये (म्यानासारख्या पट्ट्यात), पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे, असे नियम ३२ सांगतो. दाखवणे, रोखणे, परजणे याला सक्त मनाई आहे. म्हणजे शर्ट वर करून पिस्तुलाची मूठ दिसेल अशा बेताने काढलेली प्रत्येक रील हा नियमभंगाचा आयता पुरावा आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारे तीनवरून दोनवर आणली.

उघड हत्याराने वचक बसतो, या म्हणण्यातही फारसे तथ्य नाही. हातात सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, हा हिशेब अमेरिकी पोलीस प्रशिक्षणात १९८३ पासून सांगितला जातो. तेवढ्यात होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरणे सराव असलेल्यालाही कठीण जाते. शिवाय गर्दीत दिसणारे हत्यार हिसकावलेही जाते. पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरला दोरी बांधलेली असते ती शोभेसाठी नव्हे.

खरे दुखणे परवाने वाटण्यात आहे. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंच हत्येनंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले. ओरड झाल्यावर त्यातले बरेच रद्द झाले. ते देताना कोणता धोका, कोणाच्या अहवालावरून मान्य केला होता? परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ ने आधीपासूनच दिलेला आहे. प्रत्येक जिल्ह्याने किती परवाने नव्याने दिले, किती नूतनीकरण झाले, किती रद्द केले हे आकडे नावांशिवाय दर जानेवारीत जाहीर करावेत. स्वसंरक्षणाच्या परवान्याचे हत्यार खांद्याला लावून पुढाऱ्यांच्या मागे उभे राहणाऱ्यांची पडताळणी त्याच आकड्यांपासून सुरू करता येईल.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)