एफ-चाचणी: तक्त्याचा रकाना आणि त्यापुढचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन नमुन्यांची प्रचरणे (व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) समान मानता येतील का, हे एफ-चाचणीने तपासण्याची कृती आपल्या विद्यार्थी पुरवणीत आली आहे. मोठे प्रचरण अंशात, लहान छेदात, भागाकार 5 टक्क्यांच्या एफ तक्त्याशी ताडा, एवढ्यावर ती उरकली आहे. कोणते प्रचरण मोठे हे आकडे पाहून ठरवले, की चाचणी दुबाजू होते, म्हणजे फरक कोणत्याही दिशेचा असला तरी ती तो धरते. तक्ता मात्र एकबाजू, एकाच दिशेचा, असतो. म्हणून 5 टक्के पातळीसाठी 0.025 चा रकाना पाहायला हवा, 0.05 चा पाहिला तर चुकून ‘फरक आहे’ म्हणण्याची शक्यता 10 टक्के होते.

उदाहरण घेऊ. पहिला नमुना 48, 50, 51, 52, 54 आणि दुसरा 43, 49, 51, 52, 60. दोन्हींची सरासरी 51. विचलनांच्या वर्गांची बेरीज अनुक्रमे 20 आणि 150. 4 ने भागून (5 ने नव्हे) प्रचरणे 5 आणि 37.5. गुणोत्तर 7.5. स्वातंत्र्यांश (आकड्यांच्या संख्येहून एक कमी) 4 आणि 4 साठी 0.05 च्या रकान्यात 6.39 आहे, 0.025 च्या रकान्यात 9.60. म्हणजे पुरवणीतल्या कृतीने फरक ‘सिद्ध’ होतो, योग्य रकान्याने होत नाही. दुबाजू पी-मूल्य (प्रचरणे समान असतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) साधारण 0.077 येते. एक्सेलमध्येही इथेच घोटाळा होतो: ‘एफ.टेस्ट’ हे सूत्र दुबाजू पी-मूल्य देते, तर डेटा अ‍ॅनालिसिसमधली एफ-चाचणी एकबाजू.

रकाना सुधारला तरी मूळ दुखणे राहतेच. ही चाचणी दोन्ही नमुने प्रसामान्य (नॉर्मल, घंटेच्या आकाराच्या) वितरणातून आले आहेत असे धरून चालते, आणि हे गृहीतक ढळले की ती फार बिघडते. वितरणाच्या शेपट्या जाड असतील (टोकाचे आकडे जास्त वेळा येत असतील) तर प्रचरणे समान असतानाही ती वारंवार ‘असमान’ म्हणते. नमुना मोठा केल्याने हा दोष जात नाही. जॉर्ज बॉक्स यांनी 1953 मध्येच हे दाखवून दिले होते. प्रचरणांच्या समानतेसाठीच असलेल्या बार्टलेटच्या चाचणीचेही तेच. तरीही अभ्यासक्रमात एफ-चाचणीच पहिली शिकवली जाते, कारण हिशोब सुटसुटीत आहे.

व्यवहारात लेव्हीनची चाचणी (1960) वापरावी, तीही ब्राउन आणि फोर्साइथ यांनी 1974 मध्ये सुचवलेल्या रूपात. प्रत्येक आकड्याचे आपापल्या नमुन्याच्या मध्यकापासूनचे (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापासूनचे) अंतर चिन्ह सोडून घ्यायचे आणि त्या अंतरांवर नेहमीची (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी) टी-चाचणी लावायची. वरच्या आकड्यांत अंतरे 3, 1, 0, 1, 3 आणि 8, 2, 0, 1, 9, सरासऱ्या 1.6 आणि 4.0. टी सुमारे 1.22, 5 टक्क्यांची मर्यादा 2.306. फरक सिद्ध होत नाही. अर्थात नमुना लहान आणि विषम संख्येचा असला की एक अंतर हटकून शून्य येते, त्यामुळे ही चाचणी जरा भिडस्त होते, म्हणजे फरक असला तरी तो सहज सांगत नाही.

आता ‘सिद्ध झाला नाही, म्हणजे प्रचरणे समान’ असे कोणी लिहू नये. याच उदाहरणात प्रसामान्यता धरून गुणोत्तराचा 95 टक्के विश्वास अंतराल (खऱ्या गुणोत्तराच्या संभाव्य किमतींचा पल्ला) काढला तर तो 7.5 ला 9.60 ने भागून आणि गुणून मिळतो: 0.78 ते 72. दुसरे प्रचरण पहिल्याच्या पाऊणपटही असू शकेल आणि सत्तरपटही! पाच-पाच आकड्यांवरून याहून जास्त बोलता येत नाही, आणि उत्तरपत्रिकेत हा अंतराल लिहिणे नुसत्या पी-मूल्यापेक्षा प्रामाणिक ठरेल.

सरासऱ्यांची तुलना करण्याआधी ही चाचणी घ्यावी आणि निकालावरून टी-चाचणीचा प्रकार निवडावा, हा पुरवणीतला सल्लाही सोडून द्यावा. नमुने लहान असताना पूर्वचाचणीला फरक दिसत नाही, आणि धोका नेमका तिथेच असतो: लहान नमुन्याचे प्रचरण मोठे असेल तर एकत्रित प्रचरणाची (दोन्ही प्रचरणे समान धरणारी) टी-चाचणी खोटे निकाल देते. त्यापेक्षा सरळ वेल्चची (प्रचरणे समान न धरणारी) टी-चाचणी लावावी. प्रचरणे समान निघाली तरी तिच्यात फारसे गमवावे लागत नाही.

एक गोष्ट पुरवणीत सुटलीच आहे. त्याच वस्तू दोन उपकरणांनी मोजल्या असतील तर नमुने स्वतंत्र नसतात. मग एफही चालत नाही आणि लेव्हीनही. तिथे प्रत्येक जोडीची बेरीज आणि वजाबाकी काढून त्या दोहोंतला सहसंबंध शून्य आहे का ते तपासावे. प्रचरणे समान असतील तरच तो शून्य असतो. पिटमन आणि मॉर्गन यांची ही 1939 ची युक्ती कागद-पेन्सिलीनेही करता येते.

आपले,
सांख्यिकीचे दोन शिक्षक