"आज दुखलं का" हे आता विचारू नकोस

चिनू बाळा, अनेक आशीर्वाद.

एवढं लांबलचक टाईप करतीये म्हणून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. बोलता येतंय आता, रोज बोलतोच की आपण, पण मधली काही वर्षं त्या चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यानं (ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात त्याला) बोलायचीच चोरी होती तेव्हा टाईप करायची जी सवय लागली ती काही सुटत नाही, आणि खरं सांगू का, फोनवर तू मधेमधे बोलतोस म्हणून माझं अर्धं राहूनच जातं.

तर मुद्दा असा की रोज संध्याकाळी फोन लागला की तुझं पहिलं वाक्य "आई, आज दुखलं का गं" हे असतं ना, ते आता बंद कर. रागावून नाही सांगत. तू विचारलंस की माझी जीभ आपोआप उजव्या हिरडीवरनं फिरते, मग ओठाची कड, मग नाकपुडीच्या बाजूची ती जागा, सगळीकडे तपासणी होते, कुठे काही सळसळतंय का, आणि इतकं शोधल्यावर काहीतरी सापडतंच रे, दुखणं नसतं पण शंका असते आणि तेवढी पुरते झोप घालवायला. डॉक्टर फॉलोअपला विचारतात ते ठीक, त्यांचं कामच आहे. तुझं नाही.

तुला हे सगळं नीट कधी सांगितलंच नाही कारण सांगायला तोंड उघडावं लागायचं. माझी सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजवर हेडसेट लावून बोलण्यात गेली, लोकांचे कॉल जोडून देण्यात, आणि मलाच फोन आला की बाबांच्या हातात द्यायला लागला. "हॅलो" म्हणताना ओठ हलला तरी करंट. वरच्या ओठापासून सुरू व्हायचा आणि दाढांतून कानापर्यंत, काही सेकंदच असायचा, फार तर मिनिट-दोन मिनिटं, पण तेवढ्यात डोळ्यासमोर काही राहायचं नाही. मग एकदम बंद, जसं काही झालंच नाही. आणि म्हणूनच कुणाला पटायचं नाही. तू त्या वर्षी "आई फोन घेत नाही, रागावलीये का" असं बाबांना विचारलं होतंस ते मला नंतर कळलं. रागबिग काही नव्हता, "चिनू" म्हणायला ओठ हलवावे लागतात एवढंच.

सुरुवातीला दातच वाटला, सगळ्यांना तसाच वाटतो म्हणे. दोन दाढांचं रूट कॅनॉल झालं, एक काढून टाकली, तरी करंट आपला तिथंच. त्या डेंटिस्टवर बाबा अजून खार खाऊन आहेत, मी नाही. चेहऱ्याची ही जी नस, मेंदूतून निघणारी पाचवी, तिला तीन फांद्या असतात, एक कपाळ-डोळ्याची, एक गाल आणि वरच्या जबड्याची, एक खालच्या जबड्याची, आणि माझ्या नेमक्या खालच्या दोन फांद्या बिघडल्या होत्या, त्या दाढांतच उतरतात, तो बिचारा दाढ सोडून बघणार कुठे. पण एक्सरेत काही दिसत नसताना दाढ उपटायची घाई नको होती एवढं मात्र मी म्हणेन.

पुण्यात एक सोय होती बघ, स्कार्फ. इथे गाडीवर तोंड बांधलेल्या बाईकडे कोण वळून बघतंय? मी डोळे सोडून सगळं बांधून मंडईत जायचे, लोकांना वाटायचं धूळ नाहीतर ऊन, प्रत्यक्षात वाऱ्याची झुळूक गालाला लागू नये म्हणून सगळी धडपड. पुढे पुढे घरातसुद्धा बांधायला लागले. फ्रिज उघडायचा तर स्कार्फ. पंखा तर बंदच, एप्रिल-मेमध्येसुद्धा, आणि तुझे बाबा घामाने निथळत शेजारी झोपायचे, एक शब्द बोलले नाहीत. (एक शब्द बोलले होते, पण तो लिहिण्यासारखा नाही.)

गोळ्यांचं तुला माहितीच आहे, कार्बामाझेपिन. पहिल्या आठवड्यात जादू झाली, खरंच जादू, आणि डॉक्टर म्हणाले की ही गोळी लागू पडते हीसुद्धा या आजाराची एक खूणच आहे. पण मग डोस वाढत गेला आणि मी पेंगत गेले. दूध गॅसवर ठेवून विसरायचं, भिंत धरून चालायचं, 'सकाळ' पेपरातलं शब्दकोडं चार शब्दांवर अडायचं. रक्तातलं सोडियमसुद्धा त्या गोळीनं उतरलं, ते १३५च्या वर पाहिजे, माझं सारखं खाली, म्हणून मधेच दोन दिवस अ‍ॅडमिट व्हावं लागलं ते तुला आम्ही "अशक्तपणा" म्हणून सांगितलं होतं. आता सांगतीये.

ऑपरेशनच्या वेळी तू गॅमा नाईफसाठी हटून बसला होतास, कापाकापी नाही, एका दिवसात घरी, मग हेच का नको म्हणून. तुझं चूक नव्हतं, वय जास्त असतं किंवा भूल झेपणारी नसती तर मीही तेच घेतलं असतं. पण त्यात रेडिएशनने नसेलाच थोडी इजा करतात आणि आराम पडायला आठवडे, कधी महिने लागतात. माझ्या एमआरआयमध्ये तर स्पष्ट दिसत होतं की मेंदूतून नस निघते तिथेच एक रक्ताची नळी तिच्यावर टेकलीये आणि प्रत्येक ठोक्याला धक्का मारतीये. वर्षानुवर्षं घासून नसेवरचं आवरण झिजतं, मग साधा स्पर्शसुद्धा करंट होऊन जातो. मला वाटलं नळी बाजूला करता येतीये तर नसेला का जाळा.

बाबांनी मात्र काय वाचलंय, विचारू नकोस. अशी नळी नसेवर टेकलेली असते हे डॅन्डी नावाच्या सर्जनने १९३०च्या आसपासच बघून ठेवलं होतं म्हणे, पण ती मायक्रोस्कोपखाली बाजूला करून मधे काहीतरी ठेवायचं ऑपरेशन अमेरिकेत जॅनेटा नावाच्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात बसवलं, आणि पहिली बरीच वर्षं लोकांचा त्यांच्यावर विश्वासच बसत नव्हता. आता मधे टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवतात. हो, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन! त्यामुळे माझ्या डोशाला आता काही चिकटणार नाही असा विनोद बाबांनी अख्ख्या सोसायटीत करून झालाय.

ऑपरेशनचं स्वतः मला काय आठवणार. विसर्जन होऊन रस्ते मोकळे झाले आणि आम्ही गेलो, कानामागचे केस काढले, आणि मग एकदम आयसीयूतली घड्याळाची भिंत. डोकं जड, जरा मान वळवली की खोली फिरायची, उलट्या. आणि त्या सगळ्यात मी काय केलं असेल तर बोट उचलून ओठाच्या कडेला लावलं. काही नाही. परत लावलं, जरा दाबून. काही नाही. सिस्टर म्हणाली मावशी हात खाली ठेवा, सलाईन निघेल. मी ढसाढसा रडले आणि तिला वाटलं टाके दुखतायत, तिने डॉक्टरांना बोलावलं.

घरी आल्यावरचं तू व्हिडिओवर बघितलंसच. उंच उशी, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पोट साफ राहिलं पाहिजे म्हणजे कुंथायला नको, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळलं, ताप आला, मान आखडली तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लगेच फोन करायचा. बाबा रोज सकाळी टॉर्च घेऊन माझ्या नाकात बघायचे. मेडिक्लेमवाल्यांनी जो काही छळ मांडला त्यावर त्यांनीच वेगळी फाईल केलीये, त्याबद्दल त्यांनाच विचार, तासभर मोकळा असशील तेव्हा.

उजव्या कानात अजून दडा बसल्यासारखं आहे, कानामागच्या हाडाच्या पोकळ्यांत पाणी साठतं ते हळूहळू जिरतं म्हणाले, ऐकण्याची टेस्टही ठीक आली. कानामागची कातडी बधीर आहे, तिथे फणी लागली तर दुसऱ्या कुणाचं तरी डोकं विंचरतीये असं वाटतं. हे सगळं मला चालतं. बधीर चालेल, जड चालेल, दडा चालेल.

एकदा मात्र आला. घरी आल्यावर काही दिवसांनी, चूळ भरताना, छोटासा, अर्धा सेकंद. मी बेसिन धरून उभीच राहिले. बाबांना सांगितलं नाही, रात्रभर पडून हिशेब केला की सगळं वाया गेलं, डोकं उघडून घेतलं ते फुकट. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, नस इतकी वर्षं दाबलेली होती, काही आठवडे अशी एखादी चमक येऊ शकते, गोळी आपण म्हणूनच एकदम बंद करत नाही. त्यानंतर आला नाही. गोळी आता चतुर्थांशावर आलीये आणि डोक्यातलं धुकं उठतंय बघ, परवा शब्दकोडं पूर्ण सुटलं, आडवे-उभे सगळे.

कायमचं गेलं का, हे तू विचारत नाहीस पण तुझ्या मनात आहे मला माहितीये. पिट्सबर्गच्या हजारावर पेशंटचा अभ्यास १९९६ साली छापून आला होता, ऑपरेशननंतर दहा वर्षांनी शंभरातल्या साधारण सत्तर जणांना गोळीशिवाय आराम होता. बाबा म्हणाले सत्तर म्हणजे फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन हुकलं. मला फर्स्ट क्लास पुष्कळ झाला, मी आयुष्यात कधी डिस्टिंक्शनवाली नव्हते.

पण मला जे सांगायचं होतं ते हे की दुखणं गेलं तरी घराला अजून कळलेलं नाही. मी अजून डाव्या बाजूनेच चावते. दिवाळीत चकली मोडून मोडून चहात बुडवून खाल्ली, चकलीचा अपमानच तो, आणि उजवीकडे कुणी अडवत नव्हतं. ब्रश सुळ्यापाशी येऊन आपोआप थांबतो. तोंड धुताना हात उजव्या गालाला वळसा घालून जातो. आणि बाबा! मी पंखा लावते, ते येऊन बंद करतात. परत लावते, परत बंद. परवा म्हणलं अहो मला गरम होतंय, तर माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी काही भलतंच बोलले. दारात कुणी आलं की अजून तेच पुढे होऊन सांगतात, "तिला फार बोलता येत नाही," आणि मी मागनं चांगल्या खणखणीत आवाजात "या ना, चहा घेणार?" म्हणते.

म्हणून मी आता रोज एकेक काम उजवीकडे देते. परवा उजव्या बाजूने मऊ पोळी, काल काकडी. सकाळी गच्चीत स्कार्फ न बांधता जाते, आता इथे थंडी पडायला लागलीये आणि पहाटेचा वारा चांगलाच बोचतो, बोचू दे, बोचणं वेगळं असतं आणि करंट वेगळा हे त्या गालाला परत शिकवायचंय. पहिल्या दिवशी जिन्यातूनच परत आले. काल टाकीपर्यंत गेले.

तर तू विचारायचंच असेल तर हे विचार, आज काय खाल्लं, कुठपर्यंत गेलीस, कुणाशी भांडलीस. उत्तरं देताना मला गाल तपासावा लागणार नाही.

आणि डिसेंबरात म्युनिकला बोलावतोयस ते डोक्यातून काढ. विमानाचं डॉक्टर पुढच्या व्हिजिटला सांगतील, पण तुमच्याकडचं बर्फ ही माझी पहिली परीक्षा नको, उन्हाळ्यात येईन. तूच ये, तेही माझी सेवा करायला म्हणून नाही, बाबांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जा, त्यांना माझ्याशिवाय बाहेर पडायची सवयच राहिली नाही.

अजून एक, ते तुझ्याकडचं काम आहे. मीरा इथे आली होती तेव्हा तुम्ही दोघांनी तिला शिकवलं होतंत ना, आजीच्या गालाला हात लावायचा नाही. ती इतकी शहाणी पोर की व्हिडिओ कॉलवर पापी देतानासुद्धा माझ्या डाव्या गालालाच देते, आणि तुमच्या लक्षातही आलं नसेल. तिला सांग आता दोन्ही गाल चालतात. जोरात ओढले तरी चालतील. उजव्या कानामागे मात्र अजून हात नको, तिथे टाक्यांची जागा हुळहुळी आहे.

सूनबाईला आशीर्वाद. बाबा विचारतायत की तुझ्या इथे टेफ्लॉनचा तवा केवढ्याला मिळतो, त्यांना उत्तर देऊ नकोस.

तुझी,
आई