दहा पानांचं वजन

ठाणे, रविवार

प्रिय सुलू,

तुझा मेसेज वाचून हसू आलं, मग काळजी वाटली. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी आहे, आणि तू गोळ्या डब्यात ठेवून रोज अनशापोटी कढीपत्त्याची दहा पानं चावतेस! का, तर म्हणे त्यात दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं.

काल जांभळी नाक्यावर भाजीवालीने कोथिंबिरीबरोबर कढीपत्त्याच्या चार काड्या नेहमीसारख्या फुकटात पिशवीत टाकल्या. घरी आल्यावर केकसाठी घेतलेला काटा काढला, दहा पानं ठेवली. एक ग्रॅमही भरेना.

तू पाठवलेला आकडा खोटा नाही गं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पानांत ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय, २०१७ च्या नव्या तक्त्यात साधारण ६६०. दुधात जेमतेम १२०. पण दूध आपण पेलाभर पितो, आणि तुझ्या दहा पानांतून मिळतं सहा-आठ मिलिग्रॅम. हवं दिवसाला १०००! नाचणीत पानांच्या निम्म्याच्या आसपास, साडेतीनशेच. तरी एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धर, पावणेदोनशे मिलिग्रॅम पोटात गेलंच की.

कढीपत्त्याच्या सुक्या पुडीच्या पाकिटावरचे आकडे बघून तर भुलूच नकोस. ताज्या पानात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी. ते उडालं की उरलेल्याचा आकडा फुगणारच.

म्हणून पानं वाईट का? मुळीच नाही. कॅरोटीन भरपूर आहे, आणि त्याला अंगी लागायला तेल-तूप लागतं, म्हणजे आपली फोडणी बरोबरच. फक्त पानं खायला हवीत. तुझे अण्णा आठवतात? आमटीतलं एकेक पान चिमटीत धरून ताटाच्या कडेला ओळीने मांडायचे. आपण दोघी मोजत बसायचो.

मी आता चटणी करते. पानं धुऊन, सावलीत सुकवून, थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायची. सुकं खोबरं, तीळ, लसूण, लाल मिरची, चिंच, मीठ. तीळ सालासकट घ्यायचे, गंमत म्हणजे त्यांत पानांपेक्षाही जास्त कॅल्शियम असतं. चमचाभर चटणी भाकरीबरोबर सहज जाते, आणि एकही पान कडेला काढता येत नाही.

शनिवारी नेरुळला येतेय, बरणी घेऊन. भाकऱ्या तू कर. आणि तोवर ती गोळी घे बाई.

तुझी,
मंदा