वकिलांच्या घरची पुस्तके पस्तीत (रद्दीत) देऊ नका

बडोद्यातील मराठी बंधुभगिनींनो, सस्नेह नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत दांडिया बाजारातल्या एका घरातून कायद्याची पुस्तके हातगाडीवर चढली. आम्हाला, म्हणजे मंडळाच्या वाचनालयाला, निरोप मिळाला तोवर पस्तीवाला वजन करून निघून गेला होता. त्या घरात तीन पिढ्या वकिली होती. घरच्यांना दोष देत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, आता जुनी पुस्तके निकामी, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. ते खरे नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला आजही जुने दंड विधानच लागते, आणि जमीन, वारसा, वाटणीच्या दाव्यांत तर जुन्या निवाड्यांवाचून पान हलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, काहींची मराठी भाषांतरेही आहेत. फार चांगले झाले. पण बडोदे संस्थानचा कायदा तिथे सापडणार नाही. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथले कायदे इथेच होत होते. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क सबंध देशात १९५५ साली मिळाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी तो १९३१ सालीच दिला होता. आठ भाषांतले कायद्याचे आणि कारभाराचे शब्द एकत्र करणारा ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ही त्याच वर्षीचा. असे ग्रंथ, आज्ञापत्रिकेचे (संस्थानच्या राजपत्राचे) अंक, संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाच्या फैसल्यांच्या नकला आपल्या माळ्यांवर पडून आहेत, कारण दरबारात लेखणी चालवणारे अनेकजण आपलेच पणजोबा होते.

यासाठी मंडळाच्या वाचनालयात कायदा विभाग उभा करत आहोत. जुने कायदे, निवाड्यांचे खंड, टीकाग्रंथ (कायद्यांचा अर्थ उलगडणारी भाष्ये), बाइंडिंग सुटलेले असले तरी द्या. संस्थानी प्रकाशने स्कॅन करून सर्वांना खुली ठेवू. सरकारी प्रकाशनाचा कॉपीराइट ६० वर्षांनी संपतो. न्यायालयाचा निकाल कुणीही छापू शकतो, पण प्रकाशकाने स्वतः लिहिलेले सारांश आणि टीपा त्याच्या मालकीच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले आहे. म्हणून अलीकडचे टीकाग्रंथ फक्त वाचनालयात बसून वाचायला मिळतील.

घरच्या सनदा, वाटणीपत्रे, मोडीतले कागद मात्र आम्हाला देऊन टाकू नका. ३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून न्यायालयात आला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरे मानण्याची सवलत कायदा देतो, पण त्यासाठी मूळ कागद लागतो, झेरॉक्स चालत नाही. तो तुमच्याच कपाटात हवा. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करू आणि लगेच परत देऊ. आणखी एक कळकळीची विनंती: दिवंगत वकिलांच्या पक्षकारांच्या फायली आणू नका. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेले वकिलाच्या पश्चातही गुप्तच राहिले पाहिजे. त्या फायली ज्यांच्या त्यांना पोचवा.

पुस्तकांना वाळवी न लागणारी लोखंडी कपाटे, एक चांगला स्कॅनर आणि बाइंडरची मजुरी, एवढ्यासाठी पैसे हवे आहेत. ज्याला जे जमेल ते द्यावे, शंभर रुपयेही चालतील. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब वाचनालयाच्या फलकावर लागेल. पैशाहून जास्त अडचण मोडी वाचणाऱ्यांची आहे. ज्या आजी-आजोबांना मोडी येते त्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. घरून नेण्या-आणण्याची सोय आम्ही करू. लॉ कॉलेजच्या मुलामुलींनी शेजारी बसून शिकून घ्यावे.

यंदाच्या साफसफाईआधी वाचनालयात नुसता निरोप ठेवा. पोती आणि टेम्पो घेऊन आम्ही दारात येऊ.

आपले,
ग्रंथसमिती व कार्यकारिणी